नकाशातलं निळं

रात्रीचे साडेनऊ. ताटं उचलली, नकाशा पसरला.
शिरीषनं बँकेच्या प्रिंटरवर काढलाय,
चार पानं, सेलोटेपनं जोडलेली,
त्यात कऱ्हाड दोनदा आलंय
आणि उंब्रज आलंच नाही.

सांगली, पेठ नाका, कऱ्हाड, सातारा,
मग कास चढून बामणोली.
चार दिवस, तीन रात्री.
मी वहीत लिहिते: स्टेपनीत हवा. क्रोसिन.
पृथूची उलटीची गोळी,
गाडी सुटायच्या अर्धा तास आधी.

कस्तुरीनं अट एकच घातलीय:
पॉइंटवर उतरायचं, फोटो काढायचा, कणीस खायचं,
असली ट्रिप नको.
तिला वासोटा चढायचाय,
होडीनं पलीकडे जाऊन, जंगलाची परवानगी काढून.
तिला कयाक हवी.
चौदाव्या वर्षी माणसाला सगळंच
स्वतःच्या हातानं वल्हवायचं असतं.
शिरीष म्हणतो, माझा गुडघा.
ती म्हणते, बाबा, गुडघ्यासाठीच.

पृथूनं विचारलं, मध्ये एवढं निळं काय आहे?
अरे, हेच ते.
पावसाळ्यात आपण ज्याचे आकडे ऐकत जागतो,
किती टीएमसी झालं, किती दरवाजे उघडले,
आयर्विनखाली किती फूट,
गाद्या माळ्यावर टाकायच्या की अजून थांबायचं,
ते पाणी.
एरवी आपल्या घरी येतं.
ते स्वतःच्या घरी कसं असतं, बघून येऊ.

आबा बाहेर कॉटवर, बातम्या लावून.
खरं सांगायचं तर त्यांना धरलंच नव्हतं.
गाडीत पाच मावतात, वहीत मी चार लिहिले होते,
लाटकरकाकूंना त्यांच्या डब्याचं
विचारूनही झालं होतं.

ते आत आले. चष्मा कपाळावरून खाली घेतला.
निळ्यावर बोट ठेवलं,
काठाला नाही, मधोमध.
म्हणाले, हितं मुक्काम करा.

पृथू हसला. आबा, ते पाणी आहे!
हां, म्हणाले. उंबरकोंड.

कस्तुरीनं लगेच फोनवर नाव टाकलं.
फोननं रस्ता दाखवला,
एक तास चाळीस मिनिटं, वाहतूक तुरळक,
पण भलत्याच बाजूचा:
विट्याच्या पुढचा उघडा माळ,
पत्र्याची शाळा, जिथं शिरीष चौथीपर्यंत शिकला.
तेच नाव. सरकारी ट्रकमधून
हंड्या-कळशांबरोबर आणलेलं.

ते न्हवं, आबा म्हणाले. ते नंतरचं.

इथं सगळे गप्प झाले, असं लिहिलं तर शोभेल.
तसं झालं नाही.
पृथूनं विचारलं, तुम्हाला पोहता येतं?
न्हाई.
नदीकाठचे असून?
सोळशी उन्हाळ्यात घोट्याएवढी, बाळा.
पोहायचं तर पाणी लागतं.
ते आमच्या मागनं आलं.

शिरीष बघत होता वडलांच्या बोटाकडे.
बेचाळीस वर्षांचा आहे तो,
त्याला वाटत होतं आपण विट्याकडचे.

अकरा वाजता कस्तुरीनं कयाकवाल्याला मेसेज टाकला:
चार मोठे, एक लहान.
तिकडून प्रश्न आला, सर्वांत मोठ्यांचं वय?
आबा म्हणाले, पासष्ट लिही.
पंच्याहत्तर आहेत.
तिनं पासष्ट लिहिलं.

मी वहीत चाराचे पाच केले.
बीपीच्या गोळ्या, कानटोपी,
पुढची सीट त्यांना, म्हणजे मागं मी मधे,
लाइफ जॅकेट, पोटावर बसेल असं.
काकूंना सकाळी काहीतरी सांगायला हवं.

शिरीष नकाशाची घडी घालायला लागला.
घडी नेमकी निळ्यातून जात होती.
त्यानं परत उलगडला,
दुसऱ्या बाजूनं करून बघितली,
मग तसाच ठेवला, टेबलभर.

उद्या पोहे कुठं बसून खायचे, कुणास ठाऊक.