रकाना

पहिल्या कार्डावर मी सुतार होतो.
रंधा कधी हातात धरला नव्हता,
पण कफिलाकडे सुताराचाच एक व्हिसा उरला होता,
आणि मनामात, बाब-अल-बहरैनच्या मागच्या गल्लीत
कॅसेटच्या दुकानाला माणूस हवा होता.
दिवसभर पेन्सिल घालून फिती गुंडाळायच्या.
गिऱ्हाईक पायरी चढलं की चपलांवरून ओळखायचो
कुठली भाषा लावायची.

दुसऱ्या कार्डावर एसी मेकॅनिक.
तेव्हा हॉटेलातल्या बँडचा मॅनेजर होतो मी.
मारिसेल गायची, आग्नेल कीबोर्डवर,
पहाटे तीनला लॉन्ड्रीच्या मागे
इस्त्रीच्या गरम टेबलावर त्यांचे पगार मोजायचे.
मारिसेल दर महिन्याला एक दिनार जास्त मागायची.
कशाला, ते सांगायची नाही. मी द्यायचो.
हिशोबात लिहायचो : माइकची टोपी.
रमजानात गाणं बंद, बँड बंद.
त्या महिन्यांत खरोखरच एसी दुरुस्त करायला शिकलो.

युद्धाच्या साली विमानं थांबली,
दोन तबलजी माझ्या खोलीत एकोणीस दिवस अडकले.
भोंगा वाजला की आम्ही तिघं मात्रा मोजत बसायचो.
एकदाही समेवर संपला नाही.

मग मंडळांचे कार्यक्रम. साखळी, जनरेटर, परवाने,
मध्यंतराआधी उरलेले पैसे हातात मागणारे गायक,
कोमट पाणी, ते नाही तर कढत पाणी,
पहिल्या रांगेत कुणाच्या शेजारी कोण बसायचं नाही.
एकदा कस्टमच्या माणसानं बॅगेतून
घुंगरांचा चाळ काढला, चाळीस किलो पितळ!
चाळ कानाशी धरला, हलवला,
आणि सगळ्या बॅगा न उघडता सोडल्या.

त्र्यंबक मास्तर मिरजेचे.
कार्यक्रम उरकून खोलीत गेले, सकाळी उठले नाहीत.
दूतावास, दवाखाना, पोलीस, परत दूतावास.
चौथ्या दिवशी कार्गोच्या फॉर्मवर मी लिहिलं :
नग एक, पेटी, लाकडी.
नग दोन, पेटी, लाकडी.
कारकून म्हणाला, फरक काय?
मी दुसरीचा भाता उघडला, एक पट्टी दाबली.
खर्जाचा सूर गोदामभर हिंडून आला.
त्यानं वजन कमी लिहिलं, बघितलं मी.
अर्धं मानधन द्यायचं राहिलं होतं, ते मनिऑर्डरनं पाठवलं.
पावती आली. सही मुलाची, अजून सरळ न येणारी.
तेव्हा माझ्या कार्डावर होतं, सेल्समन.

आता चौदा ट्रक येतात, पडद्याएवढे पडदे,
कुंजुमोन टॅबवर बोट फिरवून आवाज चढवतो.
परवा कुणी तरुण क्रिएटिव्ह हेडनं विचारलं,
अंकल, तुमचं बॅकग्राउंड काय?
लॉन्ड्री, म्हटलं. तो हसला, त्याला विनोद वाटला.

मुहर्रकला एका चहाच्या दुकानात
सालेम बिन अतीक बोलले आजोबांविषयी.
मोत्यांच्या गलबतावर असायचे.
बुडी मारायची नाही, दोर ओढायचा नाही,
नुसतं गायचं, म्हणजे बाकीच्यांना दोर ओढवेल.
तरी वाटा मिळायचा.
मी विचारलं, आणि त्यांना गलबतावर आणायचं कोण?
कोण म्हणजे? असेल कुणीतरी.
चहा गार झाला होता. दोघांनीही तो तसाच प्यायला.

आज कार्ड परत करायचं आहे, कायमचं.
टायपिंग सेंटरमधला मुलगा कीबोर्डवर बोटं ठेवून थांबलाय :
शेवटचा हुद्दा?
दाराशी एक पोरगा एक्स्टेन्शनची वायर
कोपराभोवती गुंडाळतोय, प्रत्येक वेढ्याला पीळ पडतोय,
अशानं आतली तार सहा महिन्यांत तुटते.
एक मिनिट, म्हणतो मी,
आणि जाऊन त्याच्या हातातून वायर घेतो.