मापाचा श्वास

भांगाच्या दिवसांत, पाणी पुरतं ओसरत नाही तेव्हा
मासळीच्या लिलावघराच्या वरच्या मजल्यावर
आम्ही अकरा जणी खुर्च्यांवर बसतो.
खुर्च्या बेनितोच्या बारमधल्या,
पाठीवर बिअरचं नाव, एकेक पाय आखूड.
त्या आखूड पायाखाली पुठ्ठा सारणं
हे आमचं पहिलं आसन.

शिकवायला उशीआ येते, वीगोहून, बसनं.
पहिल्याच दिवशी म्हणाली, "पुढे वाका."
आम्ही हसलो.
बाई गं, चव्वेचाळीस वर्षं दुसरं काय केलंय?
चौदाव्या वर्षी आईमागून आरोसाच्या खाडीत उतरले
तेव्हापासून जग मी गुडघ्यांमधूनच बघतेय.

"हात सोडा," ती म्हणाली, "लोंबू द्या.
काही उचलायचं नाही."
तिथंच घोडं अडलं.
जमिनीजवळ गेली की माझी बोटं
आपोआप वाकडी होतात,
फरशीवर ओरखडतात,
तिसऱ्यांची जुळी भोकं शोधतात.
शेजारी ओबदुलियाचीही तशीच.
अकरा जणी, बावीस पंजे,
नसलेली वाळू उपसत होतो.
उशीआनं थांबवलं नाही.
आमच्या हातांकडे बघत राहिली बराच वेळ,
न येणारी भाषा ऐकावी तशी.

मग श्वास.
चार मोजत आत, सहा मोजत बाहेर.
माझा दोनवरच संपायचा.
"चुकलं," मी म्हणायचे.
"चुकलं नाही, दोसिंदा. तो सोडा, पुढचा घ्या."

हे मात्र ओळखीचं निघालं.
आमच्या कमरेला एक लोखंडी माप असतं.
त्यातून जी शिंपली निसटते ती लहान,
तिला परत पाण्यात टाकायचं.
रागवायचं नाही, तिचा काय दोष?
पुढल्या वर्षी तीच मोठी होऊन येते,
किंवा दुसरीच कुणी येते, आपल्याला काय कळतंय.
तसे मी आखूड श्वास
परत टाकू लागले.

आता रात्री तीनला जाग येते,
पलीकडच्या खोलीत एलादिओ खोकत असतो,
धक्क्यापाशी बोयाची घंटा वाजते,
विजेचं बिल, पोरीचं बार्सेलोनाचं भाडं,
सगळं उशाशी येऊन बसतं.
मी तळपाय अंथरुणात दाबते.
आधी टाच, मग चवडा, मग एकेक बोट.
चिखलात रुतलेला गमबूट असाच सोडवतात,
हळूच टाच हलवून.
ओढलात तर पाय येतो, बूट आत राहतो.
झोप लागतेच असं नाही.
पण बूट निघतो.

परवा उधाणाची मोठी ओहोटी होती.
सगळ्या पुळणीवर आम्हीच, पाठी वर, डोकी खाली,
आणि मधेच ओबदुलिया म्हणाली, "खांदे."
कुणी काही विचारलं नाही.
फावडी वाळूत उभी केली.
खांदे कानांपर्यंत नेले, आणि टाकून दिले
ओल्या पोत्यासारखे.
हात लोंबले. बोटं
थोडी वाकडी झाली, मग नाही झाली.
समोर पाणी त्या वेळेला आलं होतं
जेव्हा ते जात नाही आणि येतही नाही.
इतकी वर्षं मी त्याच्याकडे पाठ करून उभी होते.

रखवालदार सेवेरिनोनं शिट्टी फुंकली.
"काय झालं? कोण पडलं?"
"कुणी नाही!"
तरी तो धावत आला, बुटात पाणी घेऊन, धापा टाकत.
"मग करताय काय?"
"काही नाही," ओबदुलिया म्हणाली,
"आणि तू मधे बोलतोयस."

त्यानं घड्याळ पाहिलं.
पाणी फिरायला चार मिनिटं होती.
शिट्टी तोंडातून काढून त्यानं खिशात ठेवली
आणि धाप खाली बसेपर्यंत
आमच्या ओळीत, थोडा बाजूला, उभा राहिला.