गो, नो-गो

गेजला दोन टोकं असतात.
एक आत जायलाच हवं,
दुसरं जाता कामा नये. त्याला लाल पट्टी.
भोसरीच्या डब्ल्यू ब्लॉकमध्ये बावीस वर्षं
मी एवढंच करते:
व्हॉल्व्ह गाइडच्या भोकात आधी हे, मग ते.
पास. पास. रीवर्क. पास.
नखांतली बिडाची काळी भुकटी
दिवाळीच्या उटण्यानंही निघत नाही.

आमची सुट्टी गुरुवारची.
पूर्वी त्या दिवशी वीज नसे म्हणून.
पुढे वीज आली, गुरुवार राहिला.
दत्ताचा वार, कोण कशाला बोलेल?
यंदा श्रावणापासून बुधवारही त्याला जोडला.
शेड्यूल नाही, म्हणाले ढेरंगे शेठ,
आणि फळ्यावरचा आकडा
फडकं हाताशी असून बाहीनं पुसला.

परवा चाकणहून कंपनीचा पोरगा आला,
नमुन्याची मोटार घेऊन, पपनसाएवढी.
मी विचारलं, यात भोक कुठंय?
मावशी, यात व्हॉल्व्हच नसतो.
होनिंगवाल्या खोमणेमामांनी ती उचलली,
कानाशी नेऊन हलवली, नारळ बघतात तशी.
पाणी नाही, म्हणाले.
सगळे हसले. मामा सोडून.

पेपरात येतं, गाड्यांचा खप वाढला.
खोटं कसं म्हणू?
मोशीच्या चौकात ट्रेलर थांबतो, वर आठ कोऱ्या गाड्या.
एकीत सोळा गाइड, आठांत एकशे अठ्ठावीस.
सिग्नल सुटेपर्यंत माझा हिशोब होतो.
मग शेजारून हिरव्या पाटीची एक सरकते,
आवाजसुद्धा न करता.
तिच्यात शून्य.

रसिका औंधच्या आयटीआयत तीच गाडी शिकते.
जेवताना सांगते, नारिंगी वायरीला
हातमोज्याशिवाय शिवायचं नाही.
माझं बोट पाच मायक्रॉनचा ओरखडा ओळखतं, मी म्हणते.
ती माझं बोट धरून बघते, उलटंसुलटं,
आणि भाजी वाढते.

गेजही झिजतं.
झिजतं ते गोचं टोक,
दिवसभर आत जाऊन जाऊन.
लाल पट्टीचं तसंच, दुकानातून आणल्यासारखं.
या महिन्यात कॅलिब्रेशनला पाठवायचं होतं.
शेठ म्हणाले, थांबा, पुढचं शेड्यूल येऊ द्या.
तेलाचं बोट फिरवून
मी ते डबीत ठेवलंय.