अज्ञात अडथळा

मे संपत आला होता. गंगापूर धरण
कडेकडेनं सोलत चाललेलं,
काठाला चिखलाच्या पायऱ्या,
एकेका आठवड्याची एकेक.
आम्ही गाळ मोजायला निघालो होतो:
खैरनार मॅडम, मांडीवर त्यांचं यंत्र,
पुढच्या टोकाला बुधा बेंडकोळी,
वय विचारलं की नुसता हसणारा,
आणि मोटरच्या दांड्यावर मी.

बुधा म्हणाला, "डावीकडून घे."
मी म्हणालो, "यंत्र नऊ फूट दाखवतंय."
"दाखवू दे की. तू डावीकडून घे."

मग तो आवाज.
ठण् नाही, धाड् नाही,
जात्यात खडा यावा तसा,
पण तळहातातून थेट दाढेत.
मोटर पाण्याबाहेर उसळली, किंचाळली,
मी दोरी ओढून तिला गप्प केलं
आणि अख्खं धरण एकदम ऐकू यायला लागलं.
टिटवी. लांब कुठल्यातरी द्राक्षबागेत फवारणीचा ब्लोअर.
बोटीच्या पोटाला पाण्याच्या टपल्या.

वर उचलून बघितलं.
तीन पात्यांतलं एक, कुत्र्याचा कान दुमडावा तसं.
खालचा पंखा तुटून गेलेला.
गिअरच्या पेटीला चीर, चिरेतून तेल,
पाण्यावर पसरत जाणारं, उन्हात मोरपंखी.
याच पाण्यानं उद्या सकाळी
नाशिकच्या बादल्या भरणार होत्या.

मॅडमनी वहीत लिहिलं: अज्ञात अडथळा.
त्यांचीही चूक नाही.
त्यांच्या नकाशावर तिथं
निळ्या रंगाशिवाय काहीच नव्हतं.

वल्हवत काठाला आलो. टेम्पोत घातली मोटर,
वडाळा नाक्याला इलियास मिस्तरीच्या पुढ्यात ठेवली.
त्यानं खालचा स्क्रू सोडला.
बाहेर आलं ते तेल नव्हतं, दुधाचा चहा होता.
"पाणी शिरलंय. दात गेले गिअरचे."
मग पातं काढलं, आतली पिन ठोकून बाहेर घेतली,
बल्बखाली धरली.
"ही कुणी टाकली?"

मी.
हिवाळ्यात पाणवेलीत अडकून पितळेची पिन तुटली,
तेव्हा गिरणाऱ्यातून पोलादी बोल्ट आणला,
मापात कापला, घट्ट ठोकला.
पुन्हा मोडायला नको म्हणून.

"पितळेची मोडली असती," इलियास म्हणाला,
"ती मोडायलाच असते. साठ रुपयांची गोष्ट.
ही मोडली नाही ना,
म्हणून मागचं सगळं मोडलं."
बोल्ट माझ्या हातावर ठेवला त्यानं.
एक ओरखडा नव्हता त्याच्यावर.

बुधा बाहेर जुन्या टायरवर बसला होता.
त्यानं सगळं ऐकलं होतं.
बिडी चप्पलखाली विझवून म्हणाला,
"आमची विहीर आहे ती.
बा मोट हाकायचा. बैल धावेच्या उताराला लागले
की चाक कुरकुरायचं,
थारोळ्यात पाणी धबाकन पडायचं,
मी पाय घालून बसलेला.
तुझी मोटर आमच्या मोटवणाला लागली."

मोट, मोटर.
त्याला गंमत करायची नव्हती.
मलाही हसू आलं नाही.

"बोल्टाचं मी कुठं बोलत नाही,"
बुधा टेम्पोत चढता चढता म्हणाला,
"पण वहीत नाव घाल.
मी जिता असताना
अज्ञात कसं म्हणता रे?"

दुसऱ्या दिवशी वही टेबलावर उघडी,
मॅडम खिडकीशी फोनवर.
मी पेन्सिल घेतली. पेनाची हिंमत झाली नाही.
'अज्ञात'च्या डोक्यावर बारीक अक्षरात लिहिलं:
बेंडकोळींची विहीर. मोटवण दगडी. शाबूत.

खाली एक ओळ सोडली,
बोल्टाचं लिहायला.

आता धरण भरलंय. त्या जागेवर
यंत्र तीस फूट दाखवतं, पस्तीस दाखवतं.
तरी बुधा म्हणतो, डावीकडून घे.
मी घेतो.

ओळ अजून कोरी आहे.