अर्धंच निघतं

सोमवार. उद्यमनगर बंद. लेथ सगळे गप्प.
फक्त हारुण शिकलगारच्या शटरखालून
हातभर उजेड.

गाडी सत्त्याण्णव सालची, ऑटोमॅटिक.
गावात तेव्हा असल्या दोनच होत्या म्हणतात आण्णा,
दुसरी कुणाची ते कधी सांगत नाहीत.
लॅडल कलंडली, डाव्या पायावर बीड सांडलं,
त्या भरपाईतून घेतली.
क्लचच्या रिकाम्या जागेवर
तो पाय अजून पाहुण्यासारखा बसतो,
कुणी चहा विचारायची वाट बघत.

हल्ली चढाला इंजिन ओरडतं
आणि गाडी जागच्या जागी विचारात पडते.
दुसरा, तिसरा...
मधेच कुणीतरी हात सोडल्यासारखं.

"काढू नकोस तेल," आण्णा स्टुलावरून.
"घाणीवरच धरलंय ते सगळं.
वडणग्याच्या पवारानं बदललं,
आठ दिसांत गाडी दोरीनं ओढून आणली."
हारुणभाई हसले नाहीत.
"खोटं न्हाई ते," म्हणाले,
"पर पवारानं प्रेशर लावून सगळं धुतलं.
आपण नुसतं वाहू द्यायचं.
अर्धंच निघतं, ताई.
अर्धं आत कन्व्हर्टरमधे ऱ्हातंय,
ते कुणाच्या बापाला निघत न्हाई."
मग आण्णांकडं बघून जीभ चावली.

आधी गरम केली. प्रत्येक खाचेत एक क्षण थांबून
पी, आर, एन, डी आणि उलट,
देवळात एकेका घंटेला हात लावावा तसं.
मग तौफिक खाली सरकला, नट सुटला.

काकवी.
नाही, काकवी सोन्यासारखी असते;
हे काहिलीत गूळ लागल्यावर तळाशी उरतं ते.
वासही तोच, करपट गोड.
आम्ही तिघं वाकून बघत राहिलो,
जणू कुणाचा तरी रिपोर्ट आलाय.

पाण्याच्या बाटल्यांत भरून मोजलं,
दोन भरल्या, वर चार बोटं.
तौफिकनं खिळ्यानं रेघ मारली.
जेवढं निघालं तेवढंच घालायचं,
थेंब जास्त नाही.

चाळणीच्या तळाला लोहचुंबक होतं,
त्यावर करडी लव, मांजराच्या कानामागं असते तशी.
मला धस्स झालं.
आण्णांनी हात पुढं केला.
चाळीस वर्षं बिडाच्या भुग्यात गेलेली बोटं,
अंगठ्याखाली चिमूट घासली, उजेडात धरली,
आणखी घासली.
"पीठ हाय. कीस न्हाई.
कीस असता तर दात तुटला म्हणायचं.
पीठ पडणारच. दळतंय म्हटल्यावर."
आणि पहिल्यांदाच त्या दिवशी
शर्टाला हात पुसून म्हणाले,
"घाल नवं."

नवं तेल डाळिंब फोडल्यासारखं लाल.
दांडीच्या बारक्या नळीतून, नरसाळ्यानं,
आजारी माणसाला चमच्यानं पाजावं इतकं सावकाश.
इंजिन चालू ठेवून दांडी पुसली, बुडवली, काढली.
लाल दिसेना, तांबूसच.
"आत जुनं हाय की," हारुणभाई.
"मिसळणार. हजार किलोमीटर चालवा,
मग परत अर्धं काढू. मग परत.
एकदम साफ कायच करायचं नस्तंय."

टेंबलाईच्या चढाला नेली.
मी दात घट्ट धरून बसलेले.
दुसरा पडला. तिसरा...
पडला तो कळलाच नाही,
शेजारी आण्णांचा डावा पाय मात्र
नसलेलं काहीतरी दाबून
हळूच वर आला.

रिव्हर्सला अजून एक श्वास लागतो.
टेकडीवर गाडी वळवताना मोजला मी.

"हजार किलोमीटर म्हंजे किती दिवस?"
पेन्शनची बँक, डोळ्याचे डॉक्टर,
महिन्यातून एकदा आत्याकडं उचगावला...
मी हिशोब केला. "वर्ष तरी जाईल."
आण्णा काचेतून खाली शहराकडं बघत होते,
सोमवारच्या न धुरकटलेल्या चिमण्यांकडं.
"मग आज जरा लांबनं जाऊया घरी," म्हणाले.