नववं दार

नियम साधा होता. धक्क्यापासून मोजत जायचं,
दर नववं दार ठोठवायचं.
उघडलं नाही तर आणखी दोनदा यायचं,
मग वहीत फुली, आणि पुढचं नववं.
शेजारचं घर चालत नाही,
तिथून पावाचा कितीही वास येत असला तरी.

चिलोए बेटावर त्या हिवाळ्यात
तीनशे बारा दारं झाली माझी.
सामन माशांच्या कारखान्यात राबणाऱ्या बायका.
हातांना बधिरपणा: नाही, कधीकधी, रोज.
बोटांकडे बघायचं नव्हतं, चौकट भरायची होती.
सगळ्यात जास्त खुणा ‘कधीकधी’पुढे पडल्या.
कधीकधी म्हणजे कधी,
हे विचारायला प्रश्नावलीत जागा नव्हती.

सत्तेचाळिसावं दार नोल्फा काइचेओचं.
लाकडी खांबांवरचं घर, खाली भरतीचं पाणी.
मी म्हटलं, वीस मिनिटं लागतील.
ती म्हणाली, बटाट्यांनाही तेवढीच लागतात. बस.

पुढच्या वर्षी एकच घर निवडायचं होतं, खोल जाण्यासाठी.
प्रबंधात मी लिहिलं: माहितीच्या दृष्टीने समृद्ध.
खरं म्हणजे तिची चूल ऊबदार होती
आणि चौदाव्या प्रश्नाला ती एकटीच हसली होती.

अकरा महिने.
आधी मी कोपऱ्यातल्या बाकावर, निरीक्षक.
मग कधी सुरी हातात आली, कळलं नाही;
मग तिच्या मुलीची गणितं, मग गळक्या कौलाखालची बादली.
मी नमुना शोधायला आलेली,
आणि धक्क्यावरची पोरं मलाच बघून म्हणत,
काय नमुना आहे!

शितावरून भाताची परीक्षा होते.
बटाट्यांची होत नाही.
नोल्फा प्रत्येकाला काटा टोचून बघे,
एका मातीतले, एका पातेल्यातले, तरीही.
डाव्या हाताने टोचे. उजव्याला काटा
सापडत नसे, हातातच असून.
हे मी टिपून घेतलं.
ती माझ्याकडे बघत होती, हे टिपलं नाही.

मग एकदा पिठाच्या डब्यामागे
दुकानाच्या उधारीची वही दिसली.
मागच्या पानांवर मी होते.

‘मंगळवार. आली. चार बटाटे खाल्ले.
नवऱ्याबद्दल विचारलं, होडीबद्दल नाही.
गुरुवार. यंत्र बंद केलं तिने. मग मी खरं बोलले.
शनिवार. आली नाही. खुर्ची पुसून ठेवली होती.’

मी वही होती तिथे ठेवली.
त्या रात्री माझी टिपणं पुन्हा वाचली:
त्यात खुर्ची कुठेच नव्हती.

वसंतात कारखान्याने तिला काढलं.
भरपाईच्या अर्जाला साक्षीदार हवा,
रोज तिचे हात पाहिलेला कोणीतरी.
मैत्रिणी कारखान्यातच कामाला, त्यांनी माना खाली घातल्या.
मार्गदर्शक दोन एलेउतेरियो यांचं दोन ओळींचं पत्र:
अंतर राखा. तुमची भूमिका विसरू नका.
कोणती, ते लिहिलं नव्हतं.

कास्त्रोच्या कचेरीत खिडकीपाशी उभी राहिले.
अर्जदाराशी नातं:
नातलग, शेजारी, इतर.
तीन चौकटी. इतक्या चौकटी मी
लोकांपुढे सरकवल्या होत्या, झटपट,
‘जे जवळचं वाटेल ते सांगा’ म्हणत.
आता माझंच पेन वर राहिलेलं
आणि मागे रांग खोकत होती.

नोल्फा म्हणाली, शेजारी लिही.
मी म्हटलं, मी तर वाल्दिव्हियाची.
ती म्हणाली, मग? खुर्ची कुठे आहे तुझी?

अर्ज फेटाळला गेला. ते परिशिष्टात आहे.
‘संशोधकाची भूमिका’ हे प्रकरण दीड पानाचं झालं;
परीक्षकांनी त्याबद्दल काही विचारलं नाही,
फक्त, एकाच घरावरून काय सिद्ध होतं, एवढंच.
मी तीनशे बारा दारांचा तक्ता पुढे केला.
ते समाधानाने पानं उलटू लागले.

उधारीच्या वहीतली पानं छापायची परवानगी तिने दिली,
पानाला एक किलो पीठ, या भावाने.
शेवटचं असं आहे:

‘सोमवार. कचेरी. पेन दोनदा थांबलं तिचं.
शेजारी लिहिलं.
घरी आल्यावर बटाटे खाल्ले नाहीत.’