पाटीवरचा दिवा

डेप्युटी वोल्डने अडवलं ते वेगासाठी नव्हे.
पन्नास सालच्या शेवरोलेला वेग हा शब्द
ऐकून माहीत आहे, इतकंच.
"मिस्टर हाउग्लंड, मागचा नंबर अंधारात दिसत नाही."
चौदा दिवसांची मुदत, पिवळी चिठ्ठी.
"आजीला नमस्कार सांग," म्हणाला एल्डन
आणि चिठ्ठी टोपीत खोवली.

नंबर होता तसा.
मागच्या काचेत कलता ठेवलेला,
तापात शाळेच्या बाकावर डोकं टेकलेल्या पोरासारखा.

पण त्या सालची पाटी निघाली धान्याच्या कोठारात.
वडिलांच्या काळी उंदरांची भोकं
जुन्या नंबरपाट्या ठोकून बुजवत.
सत्तावन्न, एकसष्ट, बावन्न,
भिंतभर सालं,
आणि प्रत्येक सालामागे एक उंदीर.
पन्नासची सगळ्यात खाली, गव्हाच्या धुळीत.
खिळे उपटले तसा
इतकी वर्षं बाहेर ताटकळलेला वारा
शिट्टी वाजवत आत आला.
एल्डनने तिथे गेल्या वर्षीची पाटी ठोकली.
उंदरांचा हिशेब पुढे चालू.

ब्रॅकेट कधीच गळून गेलं होतं.
मोडक्या पेरणीयंत्राची पट्टी व्हाइसमध्ये धरून वाकवली,
दोनदा चुकली, तिसऱ्यांदा चुकली ती तशीच ठेवली.
पाव इंची बोल्ट. पाटीखाली ट्यूबचं रबर,
नाहीतर खडीच्या रस्त्यावर पाटी बडबडत राहते.
"त्या कामाला मी आहे की,"
दारातून मार्लिस म्हणाली.

दिवा एकच, डाव्या अंगाला.
उजव्याचे तेव्हा वेगळे पैसे पडत
आणि थोरले हाउग्लंड वेगळे पैसे देणाऱ्यांतले नव्हते.
दिव्याच्या पोटाला पेराएवढी साधी काच:
मागच्याला लाल, खाली पाटीवर पांढरा.
एक बल्ब, दोन कामं,
शेतावर दिलेल्या मुलीसारखा.

नवी वायर चॅसिसच्या कडेने नेली, क्लिपा मारल्या,
बटण ओढलं.
काही नाही.
बल्ब बदलला. फ्यूज पाहिला.
आजोबांकडून आलेली नॉर्वेजियन शिवी दिली,
जिचा अर्थ आता घरात कोणालाच येत नाही.
मग पालथा पडून बघतो तर
अर्थिंगच नव्हतं.
इतक्या वर्षांच्या रंगावर
स्क्रू नुसता टेकून बसलेला, पाहुण्यासारखा.
पटाशीने खरवडलं: हिरवा,
त्याखाली त्याच्या लग्नाच्या वर्षीचा निळा,
त्याखाली काळा, तांबडा प्रायमर,
आणि मग नाण्याएवढं उघडं लोखंड.
तिथे वायर धरली, आवळली.
लागला.
सहा व्होल्टचा, वितळत्या लोण्याच्या रंगाचा.

पण चालत्या गाडीत मागचा दिवा
चालवणाऱ्याला कधी दिसत नाही.
म्हणून संध्याकाळी तो पुढे, मार्लिस ब्यूकमध्ये मागे,
कापलेल्या सूर्यफुलांमधला सरळसोट रस्ता,
आणि फोन सीटवर उताणा.
"दिसतो का?"
"नंबर दिसतो. पण तो माझ्याच दिव्यांनी."
यावर त्याला काही सुचलं नाही.
मैलभर कोणीच बोललं नाही.

मग आरशातले तिचे दोन्ही दिवे गेले.

एल्डनने पाय पेडलवरून उचलला.
आरशात नुसता काळोख, आणि त्या काळोखात
मागून येणारी त्याची बायको.
"मार्लिस?"
"गप्प बस. वाचतेय."
खडी वाजत राहिली.
"पाच... सात... मग शून्य.
नाही, शून्य नाही ते. खिळ्याचं भोक आहे.
मग दोन."
थोडं थांबून म्हणाली,
"लावू का आता माझे?"

"थांब," म्हणाला एल्डन.
"पुढच्या वळणापर्यंत."

तिथली वळणं
सहा-सहा मैलांवर असतात.